माळव्याची अफू : नफ्याच्या एका वाटेचा इतिहास



शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी अफूचा विषय निवडला हे ऐकून काही स्नेह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मुलांसमोर हा विषय कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांची शंका अगदीच अनाठायी नाही. परंतु इंदूर, उज्जैन, रतलाम, मंदसोर या आपल्या टापूतील जुन्या पेढ्यांचा आणि वाड्यांचा इतिहास सांगताना आपण होळकर-शिंद्यांच्या तलवारीचे नाव घेतो आणि तेथून एकदम कापडगिरण्यांवर येतो. मधल्या शंभर वर्षांत या भागात रोकड कोठून आली, गिरण्यांना लागणारे भांडवल कोणत्या शेतात पिकले, याविषयी मात्र आपण मौन पाळतो. ते मौन सोडणे, हा या व्याख्यानाचा एक हेतू.

दुसरा हेतू अर्थशास्त्रातला आहे. एखाद्या व्यवहारात एकाला भरघोस नफा झाला आणि ते पाहून त्यात दुसरा, दहावा, शंभरावा शिरला, म्हणजे त्या नफ्याचे काय होते? बाजारात बसणाऱ्या कोणालाही याचे उत्तर तोंडपाठ असते : नफा विरतो. पण तो कसा विरतो, किती वर्षांत विरतो, आणि विरतो म्हणजे नेमका कोणाच्या हाती जातो, हे प्रश्न तितके सोपे नाहीत. माळव्याच्या अफूचा १८०३ ते १९१३ हा काळ त्यासाठी फार उपयोगी आहे, कारण येथे प्रत्येक पायरीला कागदोपत्री पुरावा आहे. डेव्हिड ओवेन यांनी १९३४ साली ब्रिटिशांच्या अफूविषयक धोरणावर ग्रंथ लिहिला. पुढे अमर फारूकी यांनी १९९८ मध्ये माळव्याच्या व्यापाऱ्यांची बाजू मांडली. या दोघांच्या निष्कर्षांत अंतर आहे, आणि माझे मत दोघांशीही सर्वस्वी जुळत नाही. ते ओघात येईलच.

प्रथम मूळ स्थिती पाहू. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगाल-बिहारमधील अफूची मक्तेदारी कंपनी सरकारकडे घेतली. अठरावे शतक संपण्यापूर्वीच पाटणा आणि बनारस या दोन एजन्स्यांमार्फत लागवडीपासून पेटी भरण्यापर्यंत सर्व कारभार कंपनीच्या हाती आला. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, ठरलेल्या भावाने चीक घ्यायचा, कारखान्यात गोळे करायचे, चाळीस गोळ्यांची पेटी बांधायची आणि ती कलकत्त्यास लिलावात विकायची. पुढे चीनमध्ये माल नेण्याचे काम खासगी व्यापाऱ्यांचे. चीनच्या बादशाहीने अफूला बंदी केली होती. त्या बंदीचा भंग कंपनीने स्वतःच्या नावाने करावयाचा नाही, एवढीच काय ती सभ्यता. लिलावात पेटीला येणारी किंमत खर्चाच्या अनेक पटींनी अधिक असे. याचे कारण उघड होते. पेट्या किती विकायच्या हे कंपनी ठरवी, आणि ती मुद्दामच थोड्या विकी. अठराशे वीसच्या आधीच्या दशकात चीनमध्ये जाणारा सगळा हिंदुस्थानी माल वर्षाला चार-पाच हजार पेट्यांच्या आसपास होता.

म्हणजे येथे नफ्याला कुंपण होते. आणि कुंपणाबाहेर माळवा होता.

माळव्याच्या काळ्या जमिनीत, विहिरीचे पाणी आणि भरपूर खत मिळेल अशा तुकड्यांत, अफूचे पीक पूर्वीपासून घेतले जात असे. कार्तिकाच्या आगेमागे पेरणी, माघ-फाल्गुनात बोंडांना चिरा, दुसऱ्या दिवशी सकाळी साकळलेला चीक खरवडून काढायचा, आणि तो वाळू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवायचा. या कामाला हात फार लागतात. घरातील बायकामुले त्यात जुंपली जात. गावचा सावकार पिकावर उचल देई आणि चीक आपल्या भावाने घेई. तेथून तो माल मोठ्या पेढ्यांकडे, तेथे वड्या होऊन पेट्यांत, आणि बैलांच्या पाठीवर गुजरातमार्गे समुद्राकडे. या साखळीत ना मक्तेदारी होती, ना लिलाव. चीनमध्ये पाटणा अफूला जो भाव होता त्याच्या बराच खालचा भाव घेऊनही माळव्याच्या माणसाला तो माल परवडत होता.

कंपनीच्या ध्यानात हे लवकरच आले. १८०३ मध्ये वेलस्लीने मुंबई सरकारला माळव्याची अफू रोखण्याविषयी लिहिले आणि १८०५ मध्ये मुंबईहून तिची निर्यात बंद झाली. पण मुंबईच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर दमण होते, आणि दमणला पोर्तुगीजांचे निशाण होते. दमण, दीव आणि गोवा येथून माल मकावला जाऊ लागला. या व्यापारातील ठळक नावे पाहिली म्हणजे मौज वाटते. गोमंतकीय कुळातील रोजेरियु द फारिया, पारशी जमशेटजी जिजीभाई, जैन मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे अशी ही मंडळी एकमेकांशी भागीदारीने वागत. चार धर्मांची माणसे एका पेटीभोवती इतक्या सलोख्याने बसलेली आपल्या इतिहासात क्वचितच दिसतील. जमशेटजींची आणखी एक हकीकत प्रसिद्ध आहे. १८०५ मध्ये ‘ब्रन्सविक’ नावाच्या जहाजावरून चीनला जात असताना फ्रेंचांनी ते जहाज पकडले. त्या जहाजावरचा डॉक्टर होता विल्यम जार्डिन. कैदेत जुळलेला हा परिचय पुढे चीनच्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठ्या अफूव्यापाराचा पाया ठरला.

येथवर नफ्याचे रहस्य सरळ होते. बंदी मोडण्याचे धाडस, दमणची ओळख आणि मकावला भरवशाचा माणस, हे तिन्ही ज्याच्याजवळ त्याला नफा. असे लोक थोडे होते, म्हणून नफा मोठा होता.

१८१८ मध्ये चित्र पालटले. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे राज्य कंपनीच्या अंकित झाले. तात्या जोग यांच्या कारभारात इंदूर राजधानी म्हणून वाढू लागले. माळव्यात आता कंपनीचा रेसिडेंट बसला. जो माल आजवर कुंपणाबाहेर होता तो जवळपास अंगणात आला. त्यावर कंपनीने जो उपाय केला तो मुळातून पाहण्यासारखा आहे, कारण शहाण्या माणसांनी विचारपूर्वक केलेली चूक ही वेड्याच्या चुकीपेक्षा अधिक शिकवते. कंपनीने ठरविले की, माळव्याची अफू आपणच विकत घ्यावी. दमणकडे जाणारा माल उगमाशीच उचलला म्हणजे तस्करांच्या हाती काही उरणार नाही, आणि चीनमध्ये पुन्हा आपलाच भाव चालेल.

१८२० नंतर माळव्यात कंपनीचा एजंट खरेदी करू लागला. परिणाम काय झाला? खरेदीदार वाढला म्हणून भाव वाढला. भाव वाढला म्हणून लागवड वाढली. ज्या गावांनी कधी बोंड पाहिले नव्हते तेथे अफू पेरली जाऊ लागली. कंपनीने हजारो पेट्या घेतल्या तरी आणखी माल शिल्लक राही, आणि तो दमणला जाई. शिवाय सरकार खरेदी करणारच अशी हमी मिळाल्यामुळे, पूर्वी जो सावकार या धंद्यातील जोखमीला भीत असे तोही आता निर्धास्तपणे आत शिरला. दमणचा रस्ता जुन्या लोकांना ठाऊक होता. धंद्यात पैसा आहे ही बातमी मात्र कंपनीने स्वतः दवंडी पिटून सांगितली. दुसऱ्याच्या नफ्यात वाटा मागायला आलेल्या श्रीमंताने सगळ्या गावाला त्या नफ्याचा पत्ता सांगावा, तशातला हा प्रकार.

मग दुसरा उपाय. १८२४ पासून दोन-तीन वर्षांत उदेपूर, कोटा, होळकर इत्यादी संस्थानांशी करार करून लागवड आणि वाहतूक आवळण्याचा प्रयत्न झाला. बडोद्याच्या गायकवाडांच्या मुलखातून जाणारा मार्गही अडविण्यात आला. शिंद्यांनी मात्र असा करार केला नाही. ग्वाल्हेरच्या दरबाराने यात किती मुत्सद्देगिरी केली आणि किती केवळ हट्ट केला याविषयी वाद घालता येईल, पण परिणाम एकच होता. मंदसोर-उज्जैनसारखी अफूची मुख्य ठाणी शिंद्यांकडे होती, आणि होळकरांच्या हद्दीत अडलेला माल शिंद्यांच्या हद्दीतून निघे. करार पाळणाऱ्या संस्थानांत झडत्या, जप्त्या आणि कंपनीच्या शिपायांची दांडगाई सुरू झाली. प्रजा आणि दरबार दोन्ही कावले. सर जॉन मालकम १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. माळवा त्याने स्वतः पाहिलेला होता. हे धोरण मोडीत काढावे असे त्याने निक्षून मांडले.

या काळातच वाहतुकीची ती विलक्षण वाट निघाली. गुजरातचा मार्ग बंद, तर उंटांवर माल चढवून मारवाडात पालीला न्यायचा, तेथून जेसलमेर, तेथून वाळवंट ओलांडून सिंधमध्ये कराची, आणि कराचीहून जहाजाने खाली दमणला. नकाशावर बोट ठेवून पाहा. इंदूरहून दमण सरळ नैर्ऋत्येला आहे. त्यासाठी माल वायव्येला वाळवंटापार जातो आणि समुद्रमार्गे पुन्हा दक्षिणेला येतो. इतका वळसा घालूनही व्यवहार परवडत होता, यावरून नफ्याचा अंदाज यावा.

कंपनीने शेवटी हार मानली, पण ती मोठ्या हिशेबी पद्धतीने मानली. १८३०-३१ मध्ये खरेदी आणि करार दोन्ही सोडून तिने परवान्याची पद्धत आणली. माळव्याची अफू ज्याला हवी त्याने उघडपणे मुंबईला न्यावी. पेटीमागे १७५ रुपये भरून पास घ्यावा म्हणजे झाले. एक पेटी म्हणजे सुमारे १४० पौंड माल. आता १७५ हाच आकडा का? कराचीच्या वळशाला जो खर्च येतो आणि जी जोखीम पडते, तिच्याशी ताडून पाहता व्यापाऱ्याला मुंबईचा सरळ मार्ग पत्करणे सोयीचे व्हावे, हा त्यामागचा हिशेब. तो थोडा चुकला. पास महाग पडून माल कराचीकडेच वळू लागला, म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर आणावा लागला.

पुढची आठ वर्षे पाहा. १८४३ मध्ये नेपियरने सिंध जिंकला. कराची ब्रिटिशांच्या हाती गेली. वळशाची वाट बुजली. त्याच वर्षी पासाचा दर २०० रुपये झाला. १८४५ मध्ये ३००. १८४७ मध्ये ४००. १८६० च्या सुमारास तो सहाशे-सातशेपर्यंत गेला. मालात काही फरक पडला नव्हता, शेतात पडला नव्हता, चीनमधल्या गिऱ्हाइकातही पडला नव्हता. व्यापाऱ्याजवळ दुसरा रस्ता उरला नाही, एवढाच फरक. तस्करीच्या काळात जो नफा आडवाटेच्या ज्ञानातून मिळत होता, तो आता मुंबईच्या सरकारी तिजोरीत पासाच्या रूपाने जमा होऊ लागला.

फारूकी यांनी या कालखंडाकडे देशी व्यापाऱ्यांनी साम्राज्याला दिलेले आव्हान म्हणून पाहिले आहे, आणि १८३० पर्यंतच्या हकीकतीला ते चांगले लागू पडते. कंपनीची मक्तेदारी आपल्या सावकारांनी मोडली, यात शंका नाही. परंतु मोडलेल्या मक्तेदारीचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावाचून मला त्या विजयाचा आनंद मानता येत नाही. कंपनीने माळव्याला वाट दिली त्याच सुमारास बंगालमधील जुने धोरणही बदलले. थोडा माल महाग विकण्याऐवजी आता पुष्कळ माल स्वस्त विकायचा. माळव्याला चीनच्या बाजारातून हुसकायचे तर दुसरा उपाय नव्हता. बिहारमध्ये लागवड झपाट्याने वाढविण्यात आली. इकडे माळवा, तिकडे पाटणा, दोघेही एकमेकांना बुडविण्यासाठी पेट्या ओतू लागले. १८३८-३९ मध्ये चीनला जाणाऱ्या पेट्यांची संख्या ४० हजारांच्या घरात पोहोचली; त्यांपैकी निम्म्याच्या आसपास माळव्याच्या होत्या. वीस वर्षांत आठ-नऊ पट.

भाव काय झाला? १८२१-२२ मध्ये पाटणा अफूची पेटी कँटनला २,००० स्पॅनिश डॉलरच्या पुढे गेली होती. पुढील दशकात हजाराचा आकडाही दुर्मिळ झाला. पेट्या जितक्या पटीने वाढल्या त्याच्या जवळपासही एकूण किंमत वाढली नाही. व्यापाऱ्याच्या वहीत हे नफ्याचे आकुंचन म्हणून नोंदले गेले. चीनच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ निराळा होता. महाग असताना जे व्यसन अमीर-उमरावांचे होते, ते स्वस्त झाल्यावर हमालाला, शिपायाला, कारकुनाला परवडू लागले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत स्पर्धेमुळे भाव उतरतो आणि ग्राहकाचे कल्याण होते, असे आपण शिकवतो. येथे ग्राहक कोण होता हे ध्यानात ठेवून ते वाक्य पुन्हा वाचावे.

आता चीनच्या किनाऱ्यावर थोडे थांबू. १८२१ नंतर कँटनच्या अधिकाऱ्यांनी कडक धोरण धरल्यामुळे अफू नदीच्या मुखाबाहेर लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या जहाजांवर उतरविली जाऊ लागली. तेथून चिनी दलाल वल्ह्यांच्या वेगवान नावांतून ती नेत. पूर्वी कलकत्त्याहून जहाज जाई ते मोसमी वाऱ्याच्या तालावर. नैर्ऋत्येचा वारा असताना जायचे आणि वारा फिरला की परतायचे. वर्षाला एक फेरी. विल्यम क्लिफ्टन नावाच्या कप्तानाला वाटले की, जहाजाची घडण योग्य असेल तर ईशान्येचा वारा समोरून येत असतानाही जाता येईल. त्याने १८२९ मध्ये हुगळीकाठी ‘रेड रोव्हर’ बांधून घेतले, आणि १८३० च्या आरंभी वाऱ्याविरुद्ध जाऊन ८६ दिवसांत परत आणले. वर्षाच्या पहिल्या लिलावातील माल इतरांच्या आधी चीनला नेणे म्हणजे रिकाम्या बाजारात भाव ठरविण्याचा अधिकार मिळविणे होय. तो अधिकार क्लिफ्टनला किती काळ लाभला? पुढल्याच वर्षी कलकत्त्याच्या रुस्तमजी कावसजींचे ‘सिल्फ’ पाण्यात उतरले. ‘वॉटर विच’ आले. दहा वर्षांत अशा जहाजांचा काफिलाच झाला. वेगवान जहाज असणे ही प्रथम चैन होती, मग फायदा, मग गरज. ज्याच्याजवळ ते नाही तो मेला, आणि ज्याच्याजवळ आहे त्याला बरोबरीच्या लोकांहून अधिक काही मिळेना. जहाजबांधणीचा खर्च मात्र सर्वांच्याच माथी बसला.

जार्डिन आणि त्याचा भागीदार मॅथेसन यांनी १८३२ मध्ये स्वतःच्या नावाची पेढी काढली. लिंटिनला गर्दी झाली हे त्यांनी ओळखले आणि जहाजे किनाऱ्याने उत्तरेस फुकिएन प्रांताकडे पाठविली, जेथे अजून कोणी विकायला जात नव्हते. तेथे पुन्हा चढा भाव मिळाला. मग डेंट कंपनी मागोमाग आली, आणि तीच कथा नव्या बंदरात सुरू झाली. सगळ्यांनाच ठाऊक झालेला बाजार सोडून, अजून कोणाला ठाऊक नसलेल्या बाजारात जायचे, आणि तोही ठाऊक झाला की आणखी पुढे. या पेढ्यांच्या व्यवहारातील खरी हुशारी हीच होती. चीनच्या किनाऱ्याला मात्र शेवट होता.

१८३९ चा प्रसंग सर्वांना परिचित आहे. लिन त्झ-शू याने २०,२८३ पेट्या ताब्यात घेतल्या आणि जून महिन्यात ह्युमेन येथे चुना-मिठाच्या पाण्यात कालवून समुद्रात सोडल्या. पुढे युद्ध, नानकिंगचा तह, हाँगकाँग. हे राजकारण पाठ्यपुस्तकांत आहे. मी त्यात शिरत नाही. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने एवढेच नोंदवावे की, त्याआधीच्या हिवाळ्यातच माल उठेनासा झाला होता आणि गोदामे तुंबली होती. लिनने माल नष्ट केला तो बुडत्या भावाच्या वेळी. भरपाईची मागणी पुढे युद्धाचे निमित्त झाली.

येथे थोडे विषयांतर करतो. कलकत्त्याच्या लिलावात भाव काय निघेल यावर मुंबईत आणि माळव्यात पैजा लागत. प्रत्यक्ष अफू कोणी घ्यायची नाही, द्यायची नाही. लिलावाची सरासरी आणि ठरलेला आकडा यांतील फरक तेवढा चुकवायचा. आजचा जो शेअरबाजारातला निर्देशांकाचा वायदा, त्याचाच हा आजोबा. या सट्ट्यातही प्रथम नफा बातमीत होता. कलकत्त्याहून निकाल ज्याच्याकडे आधी येई तो जिंके. मग प्रत्येक पेढीने आपापले जासूद ठेवले आणि तो फायदा संपला. तेव्हा काही जणांनी थेट लिलावातच बोली चढवून सरासरी हवी तशी फिरविण्याचा घाट घातला. यातून उद्भवलेला रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सुजमल धोंडमल हा खटला १८४८ मध्ये विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने पैजेचे करार रद्दबातल ठरविणारा १८४८ चा एकविसावा कायदा केला. कायद्याने सट्टा थांबला असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्या सराफ्यात जुन्या माणसांना विचारावे.

व्यापाऱ्यांच्या मूळ नफ्यावर अखेरचा घाव घातला तो आगबोट, तार आणि बँक या तिघांनी. १८४० च्या दशकाच्या मध्यापासून पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी चीनकडे धावू लागल्या. जाहीर झालेले भाडे भरले की कोणाचीही पेटी ठरल्या दिवशी हाँगकाँगला. क्लिफ्टनची कर्तबगारी, जार्डिनचा काफिला, हे सारे त्या भाड्याच्या पावतीने निकालात काढले. आग्रा-मुंबई रस्त्याने तारेचे खांब आले. १८५७ पूर्वीच इंदूरला तार होती. १८७१ मध्ये हाँगकाँगही तारेने जगाशी जोडले गेले. त्याआधी चीनचा भाव इंदूरला कळायला आठवडेच्या आठवडे लागत, आणि त्या आठवड्यांत जाणत्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न असे. १८६५ मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँक निघाली. मालावर कर्ज मिळणे सोपे झाले. ज्याच्याजवळ स्वतःचे जहाज नाही, बातमीदार नाही, भांडवलही नाही, असाही माणूस आता दहा पेट्यांचा व्यापार करू शकत होता. असे पुष्कळ झाले. डेंट कंपनी १८६७ मध्ये बुडाली. जार्डिन-मॅथेसन यांनी १८७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अफूतून अंग काढून घेतले. ज्यांनी हा धंदा उभा केला, तेच तो प्रथम सोडून गेले.

मग नफा कोणालाच उरला नाही काय? उरला, पण त्याची जागा सरकली. बगदादहून आलेले डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थायिक झाले होते. त्यांच्या घराण्याने जहाजांच्या शर्यतीत भाग घेतला नाही. त्यांनी आपला पैसा माळव्यात आणला. येथल्या व्यापाऱ्यांना आणि अडत्यांना पीक हाती येण्यापूर्वीच किमतीचा मोठा भाग आगाऊ देऊन माल बांधून ठेवायचा, ही त्यांची रीत. सत्तर पेट्यांमागे धावणाऱ्या शंभर गिऱ्हाइकांत उभे राहण्याऐवजी त्यांनी पेट्या भरण्यापूर्वीच आपल्या केल्या. १८७१ पर्यंत चीनमधील अफूच्या साठ्यांचा बहुतांश त्यांच्या हाती होता असे जार्डिनच्या कागदपत्रांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी दाखविले आहे.

आणि नेमके येथे मला माळव्याच्या सावकाराविषयी बोलायचे आहे. १८२० मध्ये हा सावकार स्वतंत्र होता. दमणला कोण, मकावला कोण, कोणत्या दरबाराचा कोणता कारभारी किती घेतो, हे त्याला माहीत होते, आणि त्या माहितीची त्याला किंमत मिळत होती. १८७० मध्ये तोच सावकार, किंवा त्याचा नातू, मुंबईच्या पेढीचा अडत्या झाला होता. त्याची उलाढाल आजोबापेक्षा कितीतरी मोठी होती. इंदूरच्या सरकारी काट्यावर त्याच्या पेट्या तोलल्या जात, पासाचे रुपये तो रोख भरी, आणि हातात अडत उरे. सट्ट्याकडे तो वळला यात नवल ते काय? व्यापारातला नफा विरल्यावर भावाच्या चढउतारावरच काही मिळविणे शक्य होते. इंदूर हे सट्ट्याचे शहर म्हणून देशभर ओळखले गेले. आमच्या लोकांच्या स्वभावातच सट्टा आहे, असे काही जण कौतुकाने आणि काही जण तिटकाऱ्याने म्हणतात. मला वाटते, त्यात स्वभावाचा भाग थोडा आणि पासाच्या दराचा अधिक.

शेतकऱ्याचे काय झाले? हिशेबाप्रमाणे पाहिले तर खरेदीदार वाढले म्हणजे पिकविणाऱ्याला अधिक मिळायला हवे, आणि १८२० च्या दशकात काही वर्षे तसे घडलेही. परंतु ज्याने पेरणीलाच उचल घेतली आहे, त्याच्यासमोर खरेदीदार एकच असतो. बाजारात शंभर गिऱ्हाइके असून त्याचा त्याला उपयोग नाही. मुंबईची आगाऊ रक्कम इंदूरच्या पेढीला, पेढीची गावच्या सावकाराला, सावकाराची कुणब्याला, अशी ती साखळी खाली उतरत गेली, आणि प्रत्येक कडीला व्याज लागले. गर्दीने वरचे नफे विरविले. सर्वांत खालच्या कडीपर्यंत गर्दी कधी पोहोचलीच नाही.

शेवटचा टप्पा थोडक्यात. १८५८ मध्ये चीनमध्ये अफू कायदेशीर झाली, पेटीमागे ३० तेल जकात भरून. त्याबरोबर चिनी शेतकऱ्यांनीच सेचुआन, युनान इत्यादी प्रांतांत अफू पेरायला घेतली. ज्या ग्राहकाला आपण व्यसन लावले तोच आता प्रतिस्पर्धी झाला. १८८० च्या सुमारास हिंदुस्थानी अफूची निर्यात शिखरावर होती, आणि तेथून ती घसरत गेली. घरची अफू स्वस्त पडत असता परदेशी माल किती दिवस चालणार? १९०७ मध्ये ब्रिटन व चीन यांत करार झाला की, दरवर्षी एक दशांश याप्रमाणे ही निर्यात दहा वर्षांत संपवायची. ती प्रत्यक्षात १९१३ मध्येच थांबली.

आणि मृत्युशय्येवर पडलेल्या या धंद्याने एकदा अखेरचे डोळे उघडले. निर्यातीचे परवाने दरसाल कमी होणार हे ठरल्यामुळे नव्या माणसाला आत शिरायला जागाच उरली नाही. शंभर वर्षांनंतर पुन्हा कुंपण पडले. ज्यांच्याजवळ माल आणि परवाना होता त्यांच्या पेट्यांचे भाव भडकले. इंदूरचे शेठ हुकुमचंद यांनी त्या वर्षांत अफूत मोठी कमाई केली असे सांगितले जाते. पुढे त्यांनी कापसात आणि कापडगिरण्यांत पैसा घातला. त्यांच्या नावाची गिरणी १९९१ मध्ये बंद पडली, आणि तिच्या कामगारांना आपली देणी मिळण्यासाठी २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींच्या घरी ती रक्कम आली असेल, किंवा जिच्या नावे यायची ती व्यक्ती त्याआधीच गेली असेल.

मंदसोर, नीमच, रतलाम या जिल्ह्यांत अफू आजही पिकते, परवान्याने. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. ज्या दरबाराने कंपनीशी करार केला नव्हता त्याच गावी परवाना देणारे खाते बसले आहे. शेतकऱ्याने किती जागेत पेरायचे हे ते खाते ठरविते, आणि चीक सरकारलाच द्यायचा. वसंतात वजनाच्या केंद्रांवर रांगा लागतात. आपापली भांडी घेऊन माणसे सकाळपासून उभी असतात, अधिकारी बोटाने चीक चाचपून प्रत ठरवितो, काट्यावर आकडा येतो, आणि भाव आधीच ठरलेला असतो.